तिसऱ्या टेकडीवरचं अधांतर

हेझल पॉइंट पार्क, पेनसिल्व्हेनिया
९ मार्च १९८८

टेकला,

तिसऱ्या टेकडीपायी खरोखर काय काय खर्ची पडलं ते फक्त तुला सांगतो. बँकेला सांगितलेला हिशेब वेगळा आहे आणि बायकोला सांगितलेला त्याहून वेगळा. जॉर्जियाहून आलेला पिवळ्या पाइनच्या फळ्यांचा एक ट्रक. लायल सुताराच्या अंगठ्याचं नख. व्हर्नाचं नवं स्वयंपाकघर, जे आता ‘पुढच्या वर्षी’ होणार. आणि माझी हिवाळ्यातली झोप. एवढं घालून हाती काय आलं? दीड श्वास.

पण काय दीड श्वास, बाई! आपल्या व्हिपरविल रोलर कोस्टरची ती टेकडी बाबा ब्रेकवर उभे राहायचे तेव्हापासून माथ्यावर चपटी होती. गाडी वर यायची, रेंगाळायची, मग नाइलाजाने खाली. लायलने आणि मी अख्खा माथा उतरवून नव्याने बांधला. दगड भिरकावला की तो ज्या वाकाने वर जाऊन खाली येतो, तोच वाक. गाडी तशीच जाते, आतला माणूसही तसाच, मग बाकावर ओझं पडणार कुणाचं? शेवटच्या डब्यातल्या शेवटच्या बाकावर तर मांडीवरचा दांडा नसता तर माणूस थेट तुझ्या ओहायोत उतरला असता. माणसांआधी वाळूची पोती बसवून चाचणी घेतली. पोतीसुद्धा उठून उभी राहिली. बाकाला बूड टेकवून ही टेकडी ओलांडणारा अजून जन्माला यायचाय.

जूनमध्ये आपल्या चर्चची सहल असते ना, त्याच दिवशी कोस्टरवेड्यांचा क्लब येतोय. टोप्यांना बिल्ले लावलेली मोठी माणसं, म्होरक्या दातांचा डॉक्टर. त्यांच्या पत्रिकेत दरवर्षी यादी लागते, सगळ्यात चांगलं अधांतर, म्हणजे बाकावरून बूड उचललं जाणं, कुठल्या कोस्टरवर. यंदा पहिला नंबर आपला. फार तर दुसरा.

तू फोन का उचलत नाहीस? ‘पत्र लिही’ असा निरोप त्या शेजारच्या ओल्गाकडून येतो. वासिलला जाऊन वर्ष होत आलं. जेवतेस ना नीट?

ऑगी

*

पार्मा, ओहायो
२१ मार्च

ऑगी,

फोन उचलत नाही त्याला कारण तुझे कान. चार वाक्यं बोलले की तू विचारणार, ‘जिना चढून आलीस का?’ आणि मी तर खुर्चीत बसलेली असते. पत्रात दम लागलेला ऐकू येत नाही, म्हणून पत्र.

हृदयातली एक झडप बिघडली आहे. डॉक्टर पोरगेलासा आहे, बोलताना पेनशी खेळतो. म्हणाला, छाती उघडावी लागेल. मी म्हटलं, नाही उघडली तर? त्याने पेन खाली ठेवलं. तेवढ्यावरून समजले.

जूनच्या शेवटी तारीख दिली आहे. नंतर छातीचं हाड तारेने शिवतात. म्हणजे पुन्हा कोस्टरवर बसणं संपलं. म्हणून आधी येते. सहलीला आमच्या चर्चची बस आहेच. शेवटच्या डब्यातलं शेवटचं बाक माझं. कुणा बिल्लेवाल्याला देऊ नकोस.

व्हर्नाला तिचं स्वयंपाकघर दे. बाई किती दिवस त्या गळक्या नळाखाली भांडं ठेवणार?

टेकला

*

हेझल पॉइंट
२ एप्रिल

टेकला,

तुझं पत्र वाचलं आणि रुळावरून चालत निघालो. रोज सकाळी हातोडी घेऊन बोल्ट ठोकत फिरतो, तसा. बोल्ट सैल असला की आवाज पोकळ येतो. आज सगळेच पोकळ वाटले. लायल खालून ओरडला, ‘मालक, तोच बोल्ट किती वेळ बडवणार? त्याचं काय चुकलं?’

तू बसायचं नाहीस. संपला विषय. सहलीला ये, पिरोही खा, पोल्का ऐक, झाडाखाली खुर्ची टाकून देतो. पण कोस्टर नाही. आमच्या गावच्या डॉक्टर हॅगर्टीला सहज म्हणून विचारलं, झडप बिघडलेल्या बाईला बसवलं तर? तो म्हणाला, ‘ऑगस्ट, तिला मारायचंच असेल तर याहून स्वस्त उपाय आहेत.’ हसत म्हणाला. मला नाही हसू आलं.

लहानपणचं आठवतंय ना? मी तिसऱ्या टेकडीखालच्या फ्राईजच्या टपरीत बटाटे सोलत असायचो आणि तू वरून गाडीतून जायचीस. मान वर न करता मी सांगायचो, ‘टेकला गेली.’ म्हातारा मालक पैज लावायचा आणि हरायचा. ते कान आजही तसेच आहेत. शंभर किंचाळ्यांतून तुझी एक आजही वेगळी काढीन. म्हणूनच सांगतो, ती किंचाळी मधेच थांबली तर ते ऐकायला मला तिथे उभं करू नकोस.

ऑगी

*

पार्मा
१७ एप्रिल

ऑगी,

डॉक्टरने मला तीन गोष्टी मना केल्या: जिने चढायचे नाहीत, दचकायचं नाही, वजन उचलायचं नाही. तिसऱ्यावर मी हसले. त्याला वाटलं रडतेय.

नऊ वर्षं वासिल अंथरुणात होता. हाडांच्या काटक्या झाल्या होत्या बिचाऱ्याच्या, पण अर्धांगवायू झालेला माणूस काटक्यांएवढा असला तरी लोखंडाएवढा जड लागतो. सकाळी उचल, कुशीवर वळव, दुपारी उचल, पुसून काढ. नवरा असून त्याला माझी लाज वाटायची म्हणून मी विनोद करायची, ‘चल, नाचायला जाऊ.’ तो गेला त्या दिवशी लोक म्हणाले, आता मोकळी झालीस. पण खांद्यांना कुणी सांगितलंच नाही. सकाळी जागी होते तीच मुळी हात पुढे करून.

तू लिहिलंस की तिथे बाकावर ओझं पडत नाही. दीड श्वास का होईना, मला ते हवंय. कुणाचंच ओझं नाही, माझंसुद्धा नाही.

आता नीट वाच. ऑपरेशनच्या कागदावर मी सही केलेली नाही. बसू दिलंस तर सहलीहून परतले की सही करीन. नाही दिलंस तर ते कागद कपाटावर, वासिलच्या टोपीखाली पडून राहतील. धमकी समज. तू बटाटे सोलायचास तेव्हाही मी शब्द फिरवत नव्हते.

टेकला

*

हेझल पॉइंट
८ मे

टेकला,

तू बाबांवर गेली आहेस. त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे उतारावरच्या गाडीशी वाद घालणं.

बस. बाक तुझं. मीच ब्रेकवर उभा राहीन, दुसऱ्या कुणाच्या हाती दांडा देणार नाही. पण माझ्याही अटी आहेत. पहाटे निघायचं म्हणून उपाशीपोटी येऊ नकोस. गोळ्या घेऊन ये. तुझा तो निळा रुमाल डोक्याला बांध, म्हणजे लांबून दिसशील. स्टेशनचा जिना सावकाश चढ, गाडी थांबवून ठेवीन, मग भले बिल्लेवाले पाय आपटोत.

ते बिल्लेवाले नेमके त्याच सकाळी पहिल्या फेऱ्यांना बसणार आहेत. त्यांची बस मग दुसऱ्या पार्ककडे जाते. दुसरी गाडी दुरुस्तीला काढलीय, म्हणजे तू आणि ते एकाच गाडीत. पण ते पुढे, तू मागे. जमेल.

दुसऱ्या टेकडीच्या माथ्यावर थोडं सुतारकाम करून घेतलंय. पावसापाण्याची सोय. विशेष काही नाही.

व्हर्ना विचारते, मी रात्री उठून खिडकीत का उभा राहतो. म्हटलं, कोल्हा येतो कचऱ्याला.

ऑगी

*

पार्मा
२९ मे

ऑगी,

टेकडीच्या माथ्यावर पावसापाण्याची कसली सोय? तिथे तर पाणी थांबतही नाही.

ब्रेकवाल्याची मुलगी आहे मी. पण असो. विचारत नाही.

अकरा जूनला बस पहाटे निघते. ओल्गा सोबत येतेय. तिने आयुष्यात कोस्टर पाहिलेला नाही, आणि तरी दोन आठवडे घाबरतेय. दिवसातून एकदा तरी विचारते, ‘खरंच बूड उचलतं का गं?’ मी म्हणते, माझा भाऊ थापा मारतो, पण या बाबतीत नाही.

कालपासून पायावर सूज आहे. पत्रात सूजही ऐकू येत नाही, म्हणून लिहून टाकते.

टेकला

*

हेझल पॉइंट
१४ जून

टेकला,

पोचलीस ना सुखरूप? आधी क्लबवाले, मग सहलीची गर्दी, भेट राहूनच गेली. बस निघताना खिडकीत तुझा निळा रुमाल पाहिला, तू हात हलवलास, आणि मी तिथेच कचऱ्याच्या पिंपावर बसलो.

आता बोलतो. सकाळी फादर मिरॉननी पहिल्या डब्यावर पवित्र पाणी शिंपडलं, तेव्हा मी मनातल्या मनात म्हटलं, ‘फादर, थोडं मागेही टाका.’ ब्रेकच्या खोलीतून स्टेशनचं ते टोक लांब पडतं. मागच्या बाकावर रुमाल दिसला आणि मी दांडा दोन्ही हातांनी धरला. गाडी साखळीने वर चढायला लागली, ती कटकट आयुष्यभर ऐकतोय, पण त्या दिवशी प्रत्येक कटकट छातीत होत होती. आणि तू एका फेरीवर थांबशील तर ना! गाडी परत आली तरी रुमाल जागचा हलेना. पुन्हा फेरी. पुन्हा तिथेच. क्लबवाले पुढे बसून एकमेकांकडे बघतायत, मागे तू ठाण मांडून.

जरा सावकाश वाटलं का तुला? सकाळी गारवा होता. गारव्यात वंगण घट्ट होतं आणि गाडी रेंगाळते, हे तुला मी काय सांगू. किंचाळी काही ऐकू आली नाही, पण म्हटलं, वय झालं बाईचं, आता शहाण्यासारखी बसते.

क्लबवाले खाली उतरले ते तोंडं पाडून. दातांचा डॉक्टर म्हणाला, ‘मिस्टर युरिक, तुम्ही दगडाच्या वाकाबद्दल बोलला होता. कुठला दगड? जात्याचा?’ दांडा आमच्या मदतनीस डेलच्या हाती देऊन मी त्यांच्यामागे पळालो, फ्राईज खायला घातल्या, गारव्याचं पुराण सांगितलं, म्हटलं ऊन चढू द्या मग बघा. त्यांची बस थांबेना.

जाऊ दे. तुझी फेरी झाली, तू धडधाकट उतरलीस. आता शब्द पाळ. सही केलीस का? नुसतं ‘हो’ एवढं कार्डावर लिही.

ऑगी

*

हेझल पॉइंट
२३ जून

टेकला,

कार्ड नाही. फोन नाही. ओल्गाचाही फोन नुसता वाजत राहतो.

काल व्हिपरविलवर एक बाई मधेच गप्प झाली. मी गाडी स्टेशनात येईपर्यंत श्वास घेतला नाही. तिची कवळी पडली होती, म्हणून तोंड मिटलं होतं तिने. लायल हसून हसून लोळला. मी त्याला शिव्या दिल्या, मग त्याची माफी मागितली, मग आत जाऊन बसलो.

रागावली असशील तर राग लिही. काहीही लिही.

ऑगी

*

पार्मा
२८ जून

ऑगस्ट यांस,

टेकलाने सांगितलं होतं की सगळं पार पडेपर्यंत तुम्हाला काही कळवायचं नाही. कळवलं तर तुम्ही इथे याल, आणि डॉक्टरचं पेन काढून घ्याल. पार पडलं. काल छाती उघडली, झडप बदलली. अजून बोलत नाही, नळ्या आहेत. पण मी हात धरला तेव्हा तिने दाबला, आणि चांगलाच दाबला. सही तिने सहलीहून आल्या रात्रीच केली होती. आठवडाभर आधीच तिला दाखल करून घेतलं, तेव्हापासून मी दिवसभर इस्पितळात असते, म्हणून फोन वाजत राहिला असेल.

तुमचे आभार मानायचे राहिले. तुमच्या कोस्टरला मी उगीच घाबरत होते. बाळाच्या गाडीत बसल्यासारखं वाटलं. पडदा उघडेल, उघडेल म्हणून माणूस नाटकाला बसून राहतो ना, तशी मी फेरीमागून फेरी बसून राहिले, आता बूड उचलेल, मग उचलेल. नाही उचललं. पण हवा छान होती. आदल्या दिवशीच केस कुरळे करून घेतले होते, म्हणून टेकलाने स्वतःचा रुमाल मला बांधायला दिला. तो धुऊन तिला परत केला आहे.

ओल्गा

*

हेझल पॉइंट
४ जुलै

टेकला,

ओल्गाचं पत्र मी आधी उभ्याने वाचलं, मग बसून. मग व्हर्नाला वाचायला दिलं, कारण मला वाटलं मलाच वाचता येत नाहीये. तिने वाचलं, तिचे डोळे भरले, आणि मग ती म्हणाली, ‘म्हणजे तू ओल्गासाठी ब्रेक मारत होतास?’

हो. मारला. तेच ते सुतारकाम. दुसऱ्या टेकडीच्या माथ्यावर लाकडी ब्रेक बसवला, तार थेट माझ्या दांड्यापर्यंत आणली. रुमाल दिसला की ओढायचा. गाडी तिसऱ्या टेकडीवरून हातगाडीसारखी गेली पाहिजे, एवढंच मनात होतं. तुला दीड श्वास हवा होता आणि मला तुझे बाकीचे सगळे.

क्लबची पत्रिका आली. माझ्याकडे ठेवत नाही, तुला पाठवतोय, इस्पितळात हसायला होईल. पहिला नाही, दुसरा नाही. व्हिपरविल, एकतिसावा. खाली डॉक्टरचा शेरा: ‘शांत. झोपलेल्या मुलाला घेऊन बसता येईल.’ लायलने तो कापून सुतारशाळेच्या दारावर चिकटवला होता. मी काढला, त्याने पुन्हा चिकटवला. त्याच्या खिशात अजून असतील.

पण ते सोड. ओल्गा बाकावर होती तर तू कुठे होतीस? तुझ्याच बाकावर तू बसली नाहीस, म्हणजे तुला ते मिळालं नाही, आणि आता तारेने शिवलेल्या हाडाने कधी मिळणार नाही. हे मी केलं. ब्रेक मी बसवला नसता तर निदान ओल्गाने तुला सांगितलं तरी असतं कसं असतं ते. तू एवढ्या लांब बसने आलीस आणि कुठे बसून राहिलीस?

ऑगी

*

पार्मा
२६ जुलै

ऑगी,

आज पहिल्यांदा स्वतः लिहितेय. अक्षर वाकडं आहे, वाचून घे. नवी झडप टिकटिक करते. रात्री शांततेत मला ऐकू येते. तुला फोनवर ऐकू येते का ते रविवारी बघू. आता फोन उचलत जाईन.

एकतिसावा! टाके तुटतील म्हणून नर्सने पत्रिका काढून घेतली.

आता ऐक कुठे होते ते. स्टेशनचा जिना अर्धा चढले आणि पुढे पाऊल टाकवेना. खाली आले, जिन्याशी बाकडं आहे, त्याच्यावर बसले. ओल्गाला म्हटलं, ‘जा, माझी जागा धरून ठेव, दम खाऊन येते.’ ती जागा धरायला बसली ती धरूनच बसली. आज्ञाधारक बाई आहे. मग गाडी सुटली आणि दुसऱ्या टेकडीवर मला तो आवाज ऐकू आला. लाकूड लोखंडाला घासतं तो. गारव्यात वंगण घट्ट होतं म्हणे! ऑगी, कान काय तुझे एकट्याचे आहेत? बाबा त्या आवाजाला ‘म्हातारीचा खोकला’ म्हणायचे. मला कळलं, तू मला धरून ठेवलंयस.

आधी राग आला. असा राग आला की वाटलं, झडप आत्ताच जाते. मग दिसलं, ब्रेकच्या खोलीच्या खिडकीत तू दोन्ही हातांनी दांडा धरून उभा आहेस, मान लांब करून, आणि तोंड अगदी मी तापाने फणफणले होते त्या वेळच्या आईसारखं. मग बसून राहिले. म्हटलं, कधीतरी हा माणूस दांडा सोडेल.

सोडलास. बिल्लेवाल्यांमागे पळालास. मी जिना चढले. मधे थांबत, कठड्याला धरत, पण चढले. डेलला म्हटलं, ‘तुमच्या जुन्या ब्रेकवाल्याची मुलगी आहे. दुसऱ्या टेकडीवरचा तो नवा ब्रेक मारायचा नाही, आणि ऑगीला सांगायचंही नाही.’ त्याने टोपी काढली आणि दांडा सोडून मागे सरला. ओल्गा फ्राईज घ्यायला गेली होती. शेवटचं बाक रिकामं होतं. ऊन चढलं होतं.

त्याबद्दल फार लिहीत नाही. तुझा वाक बरोबर आहे, लायलला सांग. माथ्यावर गेले आणि खांदे गेले, ऑगी. कुठे गेले कोण जाणे. हात आपसूक वर आले, आणि त्यांत कुणीच नव्हतं. वासिल नाही, मी नाही. दीड नाही, चांगला मोठा श्वास होता तो.

आणि किंचाळले. लहानपणी किंचाळायची तशी, पोटातून. उतरल्यावर डेल म्हणाला, पार्किंगमधले लोक वळून बघत होते. तुझ्या टपरीच्या बरोबर वरून गेले. ओल्गा तुझ्या पाठीमागेच रांगेत उभी होती, तिने वर पाहिलं आणि तिच्या हातातली पिशवी पडली.

तू दातांच्या डॉक्टरला विचारत होतास, फ्राईजवर व्हिनेगर हवंय का.

टेकला